सुंभ, पीळ आणि सुपरकंडक्टरची तार

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय. रविवारची सकाळ आहे, चहा झालाय, तरी चीड गेलेली नाही. सांभाळून घ्या.

कारण तसं जुनं आहे. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सेमिनार असायचा. मी मेटलर्जीवाला (हो, आता जावा लिहितो, त्यावर पुढे येतोच). विषय घेतला होता नायोबियम-टिनच्या सुपरकंडक्टिंग तारांचा: त्या ताणल्या की काय होतं आणि त्यांना बळकटी कशी देतात. महिनाभर लायब्ररीत बसून तयारी केली, वीस मिनिटं बोललो. बाहेरून आलेले परीक्षक सर चष्मा वर सारून म्हणाले, "यात क्रिटिकल टेम्परेचर किती वाढलं?" म्हटलं, "सर, टेम्परेचर नाही वाढत, तारेची ताकद वाढते." सर म्हणाले, "मग उपयोग काय?"

वर्ग हसला. मार्क बरे पडले. पण ते "मग उपयोग काय" अजून डोक्यात आहे.

मग आला जुलै २०२३. दक्षिण कोरियातल्या काही लोकांनी जाहीर केलं की एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला, साध्या वातावरणात सुपरकंडक्टर होतो. आठवडाभर नुसता धिंगाणा. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो व्हिडिओ टाकला, चुंबकावर एका कडेने तरंगणारा काळपट तुकडा. ऑफिसच्या कँटीनमध्ये एक मित्र म्हणाला, "बघ, आता वीज फुकट!" ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुगा फुटला. त्यात भेसळ म्हणून असलेल्या कॉपर सल्फाइडचा तो प्रताप होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही तो पदार्थ बनवून पाहिला, सुपरकंडक्टिव्हिटी काही सापडली नाही.

दावा फसला याचं मला काही वाटत नाही. विज्ञानात दावे फसतातच. मला राग याचा आला की त्या दोन-तीन आठवड्यांत मी जेवढं वाचलं त्यात हा एक साधा प्रश्न कुठेच दिसला नाही: याची तार ओढता येईल का? आणि ओढली तर ती किती ताण सोसेल?

माझं म्हणणं सरळ आहे. सुपरकंडक्टरच्या बाबतीत आपण सगळे, वर्तमानपत्रं, परीक्षक, कँटीनवाले आणि मीसुद्धा, चुकीच्या आकड्याच्या प्रेमात आहोत. तो आकडा म्हणजे तापमान. प्रत्यक्षात कुठला सुपरकंडक्टर कामाला येतो हे आजवर बऱ्याच अंशी त्याच्या अंगातल्या ताकदीने ठरवलंय.

पटत नसेल तर एमआरआयचं मशीन आठवा. सोलापूर-सांगलीच्या सेंटरमध्येही असतं ते बोगद्यासारखं यंत्र. त्याच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमची तार असते. तिचं क्रिटिकल टेम्परेचर साधारण ९ केल्विन, म्हणजे उणे २६४ सेल्सियस. नायोबियम-टिनचं १८ केल्विन, बरोबर दुप्पट. १९८७ साली सापडलेल्या यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचं ९३ केल्विन, दहापट. आता सांगा, तापमानच सगळं असतं तर एमआरआयमध्ये काय असायला हवं होतं? जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये १२३२ मोठे द्विध्रुव चुंबक आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब. तेही नायोबियम-टायटॅनियमचेच, आणि त्यासाठी सगळं १.९ केल्विनपर्यंत थंड करतात. एवढा उपद्व्याप करून सर्वात 'मागासलेला' पदार्थ का वापरला? कारण तो तांब्यासारखा ओढला जातो. डायमधून काढा, वेटोळं करा, वाकवा, तक्रार नाही. बाकीचे दोघे कपबशीच्या जातीचे, वाकवलं की तडा.

बरं, तारेला ताकद लागते कशाला? ती तर नुसती पडून असते ना एका डब्यात? इथेच गंमत आहे. तारेतून करंट, भोवती चुंबकीय क्षेत्र, म्हणजे तारेवर जोर आला, हे आपण बारावीत घोकलंय. पण तो किती, याचा अंदाज कुणी देत नाही. क्षेत्राचा दाब क्षेत्राच्या वर्गाने वाढतो. १ टेस्लाला तो वातावरणाच्या दाबाच्या साधारण चौपट असतो. १.५ टेस्लाच्या एमआरआयला नऊपट. आणि १३ टेस्लाला? दर चौरस सेंटीमीटरला साधारण पावणेसातशे किलो! चुंबकाला आतून फुटून बाहेर यायचं असतं, सतत.

एक हिशोब करून बघा, कागदाच्या पाठीवर होतो. गोल वेटोळ्यातल्या तारेवरचा ताण म्हणजे करंटची घनता गुणिले क्षेत्र गुणिले त्रिज्या. दर चौरस मिलिमीटरला १०० अँपियर, १० टेस्ला, अर्धा मीटर त्रिज्या, यातलं काहीच अचाट नाही. उत्तर येतं ५०० मेगापास्कल. नायोबियम-टिनच्या तारेतलं तांबं ६५० अंशाला भाजून निघालेलं असतं, लोण्यासारखं मऊ. ते १०० मेगापास्कलच्या आतच हार मानतं. आता करा काय करायचं ते.

आणि हे भाजणं का लागतं तेही सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. नायोबियम-टिन १९५४ साली बेल लॅब्जमध्ये सापडलं. पण त्याचा पराक्रम कळला १९६१ साली, जेव्हा कुंझलर आणि मंडळींनी त्यातून ८.८ टेस्लाच्या क्षेत्रात दर चौरस सेंटीमीटरला एक लाख अँपियरच्या वर करंट नेऊन दाखवला. त्यांनी ठिसूळ तार बनवलीच नाही. नायोबियमच्या नळीत नायोबियम आणि कथलाची पूड ठासली, नळी ओढून बारीक केली आणि मग भट्टीत घातली. कुंभाराचाच न्याय: माती ओली असताना आकार द्या, मडकं भाजल्यावर नाही. आजही तेच चालतं. आधी वेटोळं गुंडाळायचं, मग सगळं धूड ६५० अंशाला कित्येक दिवस भाजायचं, आणि त्यानंतर त्याला नव्या सुनेसारखं जपायचं. (आईने वाचलं तर म्हणेल, कुठल्या घरात जपतात रे?)

भाजलेल्या तारेची सहनशक्ती किती? तिचे आतले तंतू अर्ध्या टक्क्याच्या आसपास ताणले गेले की तडकतात, कधी त्याच्याही आधी. मीटरभर तार पाच मिलिमीटर लांबली की खेळ खलास.

इथे नेहमी एक वाक्य येतं: "हे सगळं नुसतं इंजिनियरिंग आहे रे, खरं विज्ञान वेगळं." हा 'नुसतं' शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, तार तुटायच्या कितीतरी आधीच ताण तिच्यातली सुपरकंडक्टिव्हिटी खायला लागतो. स्फटिकाची जाळी किंचित वाकडी झाली की क्रिटिकल टेम्परेचर उतरतं, करंट उतरतो. बोल्डरच्या अमेरिकन मानक प्रयोगशाळेतल्या जॅक एकिन यांनी १९८० साली याचे नियम मांडले. म्हणजे ताकद आणि तापमान हे दोन वेगळे विषय नाहीतच. नायोबियम-टिनची तार जास्तीत जास्त करंट नेते ती किंचित ताणलेली असताना, कारण थंड होताना भोवतालचं तांबं-कासं जास्त आकसतं आणि तंतूंना दाबून धरतं. थोडा ओढा दिला की तो दाब सुटतो. याला नुसतं म्हणायचं?

शिवाय बळकटी फुकट येत नाही. तारेच्या पोटात जागा किती? मिलिमीटरहून कमी व्यासात तीन बिऱ्हाडं. एक सुपरकंडक्टर, करंट नेणारा. दुसरं तांबं, एखादी जागा अचानक तापली तर करंट आपल्या अंगावर घेणारं. तिसरं बळकटी देणारं, टँटलम म्हणा, तांबं-नायोबियमचं मिश्रण म्हणा, स्टील म्हणा. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन भाऊ राहिल्यासारखं. एकाने पाय पसरले की दुसऱ्याचे गुडघे पोटात. मजबुतीसाठी स्टील वाढवा, करंट कमी. करंटसाठी तांबं काढा, तार जळण्याची भीती. हा हिशोब सोडवणारा माणूस कधी पहिल्या पानावर येत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. दक्षिण फ्रान्समध्ये ईटर हा फ्यूजनचा प्रकल्प उभा राहतोय, भारतासह सात भागीदारांचा. त्याच्या मधोमध सेंट्रल सोलेनॉइड नावाचं उभं चुंबक, १३ टेस्लाचं. त्याची केबल म्हणजे नायोबियम-टिनच्या ५७६ तारा आणि तांब्याच्या २८८, असा ८६४ तारांचा दोरखंड, जेमतेम ३३ मिलिमीटर जाड, स्टीलच्या कवचात. मधून थंड हेलियम खेळवायचा म्हणून आत जवळजवळ एक तृतीयांश जागा रिकामी. त्यातून ४० हजार अँपियर गेले की केबलच्या दर मीटरवर पन्नासएक टन जोर येतो. आणि हे आयुष्यात ६०,००० वेळा सोसायचं.

२०१०-११ च्या सुमारास या केबलचे नमुने स्वित्झर्लंडमध्ये व्हिलिगेनला सुल्तान नावाच्या यंत्रात तपासले. करंट सोडा, बंद करा, सोडा, बंद करा. दर काही फेऱ्यांनी कामगिरी खाली. थांबेचना! कारण साधं होतं: रिकाम्या जागेत तारा एकमेकींवर टेकलेल्या, दोन टेकूंच्या मध्ये प्रत्येक तार पुलासारखी वाकत होती आणि तंतू तडकत होते. मापायचं काय होतं माहितीये? तापमानच. कुठल्या तापमानाला केबलमधला करंट सुपरकंडक्टरमधून सांडून तांब्यात यायला लागतो, तो आकडा. तो फेऱ्यांगणिक घसरत होता.

उपाय काय सापडला? नवीन पदार्थ नाही, नवी रसायनं नाहीत. पीळ बदलला. पहिल्या टप्प्यात दोन सुपरकंडक्टरच्या तारा आणि एक तांब्याची अशा तिघींची वेणी घालतात. तिचा एक वेढा आधी ४५ मिलिमीटरच्या आसपास होता, तो २० च्या आसपास आणला. पुढचे टप्पेही आवळले. घट्ट पिळामुळे तारांना जवळजवळ टेकू मिळाले, वाकणं कमी झालं आणि घसरण थांबली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे आपण कुजकेपणाने म्हणतो, इथे पिळानेच सुंभ वाचवला! काथ्याचा दोर वळणाऱ्या कुणालाही पटेल असा उपाय.

म्हणजे सर, टेम्परेचर वाढलं होतं. पीळ बदलून. हे मला तेव्हा व्यासपीठावर सुचायला हवं होतं. सहा-सात वर्षं उशीर झाला, पण उत्तर द्यायचं राहिलं होतं म्हणून इथे देतोय.

अजून एक अजब प्रकार, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातला. त्यांनी तांबं-नायोबियमने बळकट केलेली नायोबियम-टिनची तार घेतली, आणि भाजून झाल्यावर मुद्दाम पुलींवरून उलटसुलट वाकवली. ठिसूळ तार, आणि वाकवली! पण मोजून, मर्यादेत. त्याने आतला अडकलेला दाब सैल झाला आणि तार पूर्वीपेक्षा जास्त करंट न्यायला लागली. तशा तारा त्यांच्या २५ टेस्लाच्या चुंबकात वापरल्या आहेत. यात लिहिण्यासारखी बातमी नाही का? मला तर कथेसारखी वाटते.

तापमानाला काही किंमतच नाही असं मी म्हणत नाहीये, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये धुवाल मला. द्रव हेलियम महाग, ४.२ केल्विन म्हणजे कटकट, द्रव नायट्रोजन त्या मानाने स्वस्त. मान्य. आणि ९३ केल्विनवाल्या मंडळींनीही कमाल केली आहे: २०२१ च्या सप्टेंबरमध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजनने त्याच जातीच्या टेपने २० टेस्लाचं मोठं चुंबक चालवलं. पण ती टेप बघा कशी असते. हॅस्टेलॉय नावाच्या दणकट निकेल-मिश्रधातूच्या पट्टीवर सुपरकंडक्टरचा थर एक-दोन मायक्रॉनचा. म्हणजे ताकद सगळी पट्टीची, सुपरकंडक्टर तिच्या खांद्यावर बसलेलं पोर. लांबीच्या दिशेने ओढा, झकास. थर सोलून निघेल अशा दिशेने ओढा, लगेच उचकटतो. २०१९ साली फ्लोरिडाच्या प्रयोगशाळेने अशाच टेपच्या इवल्याशा वेटोळ्याने मोठ्या चुंबकाच्या पोटात बसवून ४५.५ टेस्ला गाठले, विक्रम. नंतर असली वेटोळी उलगडून पाहिली तर टेपला कायमचे बाक आलेले. करंटला अजून जायचं होतं, धातूने हात टेकले.

सर्नचंही तेच. कोलायडरमध्ये नायोबियम-टिनचे ११ टेस्लाचे द्विध्रुव बसवायचे ठरलं होतं. थंड-गरम-थंड अशा फेऱ्यांनंतर वेटोळ्यांची कामगिरी उतरायला लागली, २०२० साली ते बसवणं पुढे ढकललं आणि त्या वेळच्या बंद काळात ते बसलेच नाहीत. जगातली सर्वात हुशार माणसं, हाताशी पैसा, १८ केल्विन घरात, आणि अडलं ते ठिसूळपणावर.

आता आपल्याकडे या. ईटरचं ३० मीटर उंचीचं अवाढव्य क्रायोस्टॅट भारताने दिलं, गुजरातमध्ये हजीऱ्याला घडलं. कोलायडरचे चुंबक ज्या जॅकांवर उभे आहेत ते हजारो जॅक भारताने दिले. अभिमान वाटतोच. पण ईटरची नायोबियम-टिनची तार करणाऱ्यांच्या यादीत जपान, युरोप, रशिया, कोरिया, चीन, अमेरिका आहेत, सातवा भागीदार नाही. आपण मोठं भांडं देतो, बारीक तार नाही. गांधीनगरच्या एसएसटी-१ टोकामाकची केबलही जपानहून आली. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात नायोबियम-टायटॅनियमची बहुतंतू तार बनवण्याचं काम झालेलं आहे, तुमच्यापैकी किती जणांनी त्याची बातमी वाचली? आणि एलके-९९ ची किती जणांनी? हात वर करा बघू.

तार ओढणं, ताणून बघणं, तुटलेला तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरणं, परत ओढणं... याला वर्षं लागतात आणि 'ब्रेकथ्रू' असं कुणी म्हणत नाही. म्हणून पोरं येत नाहीत, म्हणून पैसा येत नाही. कुणाला नावं ठेवू? आमच्या मेटलर्जीच्या वर्गातले बहुतेक जण आयटीत गेलो. माझ्यासोबत युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर तारा तोडणारा पार्टनर सध्या एका बँकेचं अॅप टेस्ट करतो. परवा फोनवर म्हणाला, "टेस्टिंगच करतोय रे अजून, फक्त तुटल्यावर आवाज येत नाही." मी हसलो, मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मला कॅंपसमधून ऑफर आली तेव्हा मी एक मिनिटही विचार केला नव्हता. बाबांचं होम लोन होतं हे खरं, पण लोन नसतं तरी केला नसता हेही खरं. "मग उपयोग काय" हे फक्त सरांनी नाही विचारलं, मीही स्वतःला विचारलं आणि त्यांच्याच बाजूने निकाल दिला.

२०२५ च्या एप्रिलअखेर ईटरने जाहीर केलं की सेंट्रल सोलेनॉइडचं शेवटचं, सहावं मॉड्यूल अमेरिकेत बनून तपासून तयार आहे. बातमी आपल्याकडेही आली, मी मोबाईलवर पूर्ण वाचली. चुंबक इतकं शक्तिशाली की विमानवाहू नौका उचलेल, असं होतं त्यात. प्लाझ्माचं तापमान किती कोटी अंश तेही होतं. पिळाबद्दल एक ओळ नव्हती.

असो. सेमिनारचा रिपोर्ट माळ्यावर आहे, स्पायरल बाइंडिंगवाला. दुपारी काढतो. कुणाला स्कॅन हवं असेल तर प्रतिक्रियेत सांगा.